प्लेगची वाट

संसर्गजन्य रोग हा शब्द आज घरोघर वापरला जातो. पण त्या शब्दाबरोबर एक गैरसमजहि घरोघर पोंचला आहे. सर्व संसर्ग एकाच तऱ्हेनें होतो, म्हणजे रोग्याला शिवल्यानें, त्याच्या जवळ गेल्यानें किंवा त्याच्या घरची हवा अंगावर घेतल्यानें होतो, अशी ही समजूत आहे. वस्तुतः प्रत्येक रोगाची येण्याजाण्याची वाट निराळी असते. पटकी पाण्यावाटे येते. लंडनमधील ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका पंपाशीं तिची साथ कशी जोडलेली होती हें जॉन स्नो या डॉक्टरांनीं १८५४ सालीं दाखवून दिलें. हिंवताप डांसाच्या सोंडेंतून येतो, गोंवर श्वासावाटे येतो, खरूज अंगाला अंग लागल्यानें येते. पटकीच्या रोग्याशेजारीं बसून त्याचें डोकें चेपणाऱ्यास, हात स्वच्छ धुण्याची दक्षता घेतली तर, फारसें भय नसतें. उलट गोंवर आलेल्या मुलाच्या खोलींत क्षणभर डोकावणाऱ्यासहि तें असतें. वाट ठाऊक असली म्हणजे ती नेमक्या ठिकाणीं अडवितां येते. ठाऊक नसली म्हणजे मनुष्य सगळ्याच वाटा अडवूं पाहतो, आणि जी अडवावयाची तीच उघडी राहते. ही गोष्ट मुंबई शहर आणि सारा महाराष्ट्र ज्या रोगाच्या बाबतींत अपार हानि सोसून शिकला, त्या प्लेगची हकीकत आज श्रोत्यांपुढें ठेवावयाची आहे.

१८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत एक विलक्षण ताप सुरू झाला. जांघेंत किंवा काखेंत गांठ येई, डोळे लाल होत, रोगी झिंगल्यासारखा बडबडूं लागे आणि थोडक्याच दिवसांत आटपे. मूळचे गोव्याचे असलेले डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं हा प्लेग आहे हें ओळखलें आणि म्युनिसिपालिटींत तसें स्पष्ट सांगितलें. कित्येकांना तें रुचलें नाहीं. बंदराच्या शहराला प्लेगचें नांव लागणें म्हणजे व्यापारावर धाड, हें सर्वांना कळत होतें. परंतु दोनच वर्षांपूर्वीं, १८९४ सालीं, हाँगकाँगच्या साथींत अलेक्झांडर येर्सिन यांनीं गांठींतील जंतु शोधून काढला होता, आणि सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं तोच जंतु मुंबईंतहि दिसला. मग नाकबूल करण्यास जागा उरली नाहीं. मांडवी हा बंदरालगतचा, धान्याच्या वखारींनीं भरलेला भाग. चीनच्या किनाऱ्याकडून रोग आगबोटींतून आला असावा असें मानलें जातें. आगबोटींतून उतरणारा कोण, हें मात्र कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं. कारण सर्वांचें लक्ष उतारूंकडे होतें.

जंतु सांपडला होता, वाट सांपडली नव्हती. आजच्या माणसाला याचा अर्थ चटकन् उमगत नाहीं. शत्रु कोण हें कळलें म्हणजे अर्धें काम झालें असें वाटतें. पण तो दारानें येतो कीं धाब्यावरून, हें कळेपर्यंत पहारा कोठें बसवावा? कोणी म्हणत, रोग जमिनींतून उठतो. कोणी म्हणत, कोंदट हवेंतून व सांडपाण्याच्या दुर्गंधींतून येतो. कोणी गरीब लोकांच्या अनवाणी पायांवरील भेगांकडे बोट दाखवीत. धान्य, कपडे, अंथरुणें, भिंती, सर्व कांहीं संशयित ठरलें. मुंबईचीं गटारें समुद्राच्या पाण्यांत कारबॉलिक ॲसिड मिसळून धुतलीं गेलीं. घरांतून औषधी पाण्याचे फवारे मारले, ऊन यावें म्हणून कौलें काढलीं, वस्त्रेंपात्रें जाळलीं, राहण्यास अयोग्य म्हणून घरांवर खुणा केल्या. रोगी उचलून इस्पितळांत आणि त्याच्या घरचीं माणसें वेगळ्या छावणींत, असा क्रम सुरू झाला. इस्पितळांत गेलेला माणूस परत येत नाहीं असें लोक पाहत होते. २९ ऑक्टोबर १८९६ रोजीं गिरण्यांतील कामगारांच्या जमावानें आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला तो याच धास्तीमुळें. पुढल्या तीन-चार महिन्यांत शहराची निम्म्याच्या आसपास वस्ती वाट फुटेल तिकडे निघून गेली, आणि बोचक्यांबरोबर रोगहि कोंकणांत व देशावर गेला.

१८९७ च्या फेब्रुवारींत सरकारनें साथीच्या रोगांचा कायदा केला. अवघ्या कांहीं कलमांचा हा कायदा इतका लवचीक होता कीं, २०२० सालीं करोनाच्या साथींत तोच पुन्हां उपयोगांत आणला गेला. पुण्यांत त्या कायद्याच्या आधारें काय झालें तें महाराष्ट्रांत सर्वश्रुत आहे. रँडसाहेबांच्या हाताखालीं गोरे सोजीर घरांत शिरले; माजघरें, देवघरें धुंडाळलीं गेलीं; स्त्रियांच्या तपासणीनें लोकांचा संताप अनावर झाला; आणि २२ जून १८९७ च्या रात्रीं चापेकर बंधूंनीं रँडवर गोळी झाडली. त्या प्रकरणाची राजकीय बाजू वारंवार सांगितली जाते. वैद्यकीय बाजू क्वचित् सांगितली जाते, आणि ती अशी कीं, ज्या झडत्यांसाठीं एवढा जुलूम झाला त्या झडत्यांचा रोगाच्या खऱ्या वाटेशीं फारच थोडा संबंध होता. ज्या वर्षीं हें घडलें त्याच वर्षाच्या मार्च महिन्याच्या १० तारखेस सावित्रीबाई फुले प्लेगनें वारल्या. त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनीं पुण्याजवळ उघडलेल्या दवाखान्यांत त्या स्वतः रोगी आणून पोंचवीत होत्या. सोजिरांच्या बंदुकीनें जें साधलें नाहीं तें विश्वासानें कसें साधतें, याचा नमुना त्या दवाखान्यांत होता.

या सगळ्या गोंधळांत एक गोष्ट साध्या लोकांना ठाऊक होती. गांवांत ‘उंदीर पडले’ अशी वार्ता आली कीं घर सोडावें आणि माळावर झोपड्या घालून राहावें. गढवालच्या डोंगराळ मुलखांतील लोक तर मुंबईच्या साथीपूर्वीं कित्येक वर्षें हाच नियम पाळीत आले होते. त्यांचा महामारी म्हणून जो रोग होता तो हाच. उंदीर आढ्यावरून पडे, गरगर फिरे, माणसाला न भितां मध्यें येऊन मरे, आणि मग दहा ते चौदा दिवसांत घरांत पहिली गांठ येई. महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांनीं हा धडा दोन-चार वर्षांतच उचलला. मात्र विद्वानांना वाटे कीं उंदीर आणि माणूस हे दोघेहि एकाच दूषित जमिनीचे बळी आहेत. एक आधीं बळी पडतो, दुसरा मागाहून, एवढेंच. अडाणी समजल्या जाणाऱ्यांचें निरीक्षण सुशिक्षितांच्या सिद्धान्तापेक्षां सरस ठरल्याचें हें एकच उदाहरण नव्हे, पण मोठें उदाहरण खास आहे.

उंदरापासून माणसापर्यंतची मधली कडी ज्यांनीं शोधली ते पॉल-लुई सीमाँ हे फ्रेंच डॉक्टर. पॅरिसच्या पाश्चर संस्थेनें त्यांना १८९७ सालीं हिंदुस्थानांत पाठविलें होतें. त्यांच्या लक्षांत दोन-तीन बारीक गोष्टी आल्या. एका लोकरीच्या कारखान्यांत कामगार सकाळीं आले तेव्हां जमिनीवर पुष्कळ मेलेले उंदीर दिसले. ते काढून टाकण्यास वीस मजूर लावले. तीन दिवसांत त्यांपैकीं दहांना प्लेग झाला, आणि कारखान्यांतील इतर एकालाहि झाला नाहीं. दुसरें असें कीं, नुकताच मेलेला उंदीर उचलणाऱ्यास रोग होई, पण मरून बराच वेळ झालेला उंदीर उचलणारा बहुधा वांचे. आणि तिसरें असें कीं, कित्येक रोग्यांच्या पायावर अगदीं आरंभीं एक लहानसा फोड दिसे. त्या फोडांतील पाण्यांत प्लेगचे जंतु असत, आणि गांठ यावयाची ती त्याच बाजूच्या जांघेंत. फोडाचा आकार एखाद्या किड्याच्या चाव्यासारखा होता. मेलेल्या उंदराचें शरीर थंड पडूं लागलें कीं त्याला सोडून निघून जाणारा आणि माणसाला चावणारा किडा कोणता? सीमाँ यांचा संशय पिसूवर आला.

पुढचें काम कराचीस झालें. २ जून १८९८ रोजीं तेथील रेनॉल्ड्स हॉटेलांत त्यांनीं प्लेगनें पछाडलेला एक उंदीर मोठ्या कांचेच्या बरणींत ठेवला. त्याच्या अंगावर पिसवा होत्याच. त्यांत भर म्हणून एका मांजराच्या अंगावरच्या पिसवाहि बरणींत सोडल्या. उंदीर मरणोन्मुख झाला तेव्हां जाळीच्या लहानशा पिंजऱ्यांत एक निरोगी उंदीर घालून तो पिंजरा बरणींत लोंबता ठेवला. दोन उंदरांची अंगें एकमेकांस लागणें शक्य नव्हतें. एकाची विष्ठा वा अन्न दुसऱ्याला मिळणें शक्य नव्हतें. जाळींतून ये-जा करूं शकेल अशी एकच वस्तु बरणींत होती. रोगी उंदीर मेला. पांचव्या-सहाव्या दिवशीं पिंजऱ्यांतला उंदीरहि मेला, आणि त्याच्या रक्तांत व अवयवांत प्लेगचे जंतु भरलेले सांपडले. नंतर पिसवा नसलेला रोगी उंदीर निरोगी उंदरांजवळ ठेवून पाहिला. त्यांना कांहीं झालें नाहीं. एक कांचेची बरणी, दोन उंदीर आणि थोडी जाळी, यांवर एका महाभयंकर रोगाचें गूढ उकललें होतें.

पण तें मान्य कोणी केलें नाहीं! त्याच सुमारास सरकारनें नेमलेलें प्लेग कमिशन हिंदुस्थानभर फिरत होतें. त्यानें पिसूच्या उपपत्तीला महत्त्व देण्याचें नाकारलें. दुसऱ्यांनीं सीमाँ यांचे प्रयोग करून पाहिले, ते कित्येकांना साधले नाहींत, आणि प्रश्न सात-आठ वर्षें लोंबकळत पडला. या काळांत माणसें मरत होतीं हें लक्षांत घेतलें म्हणजे विज्ञानाच्या संथ गतीचा राग येतो. परंतु दुसऱ्याच्या हातून पुन्हां सिद्ध झाल्याशिवाय कोणतीहि गोष्ट खरी मानावयाची नाहीं, हा नियम मोडून चालणार नव्हतें, हेंहि तितकेंच खरें.

पुन्हां सिद्ध करण्याचें काम मुंबईंतच झालें. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील डॉ. ग्लेन लिस्टन यांनीं एका चाळींतील हकीकत टिपून ठेवली आहे. चाळींत उंदीर मरूं लागले आणि थोड्याच दिवसांत दिसेनासे झाले. मग बिऱ्हाडकरूंना पिसवांनीं इतकें सतावलें कीं खोल्यांत झोंप येईना. माणसें अंथरुणें घेऊन व्हरांड्यांत निजावयास आलीं. आणि नंतर पहिला रोगी निघाला. लिस्टन यांनीं माणसांच्या अंगावरच्या पिसवा पकडून तपासल्या, तेव्हां त्यांत जवळजवळ निम्म्या उंदरांच्या जातीच्या निघाल्या. एरव्हीं ही जात माणसाच्या अंगावर फारशी सांपडत नाहीं. उंदीर होते तोंपर्यंत ती त्यांच्यावर सुखानें राहत होती. घरधनीच मेले तेव्हां भुकेल्या पिसवांनीं दुसरा आश्रय पाहिला. चाळींतील लोक पिसवांना कंटाळून बाहेर आले, तेव्हां त्यांना फक्त झोंपमोड दिसत होती.

१९०५ सालीं नवें संशोधन-मंडळ नेमलें गेलें आणि परळच्या प्रयोगशाळेंत त्याचें काम सुरू झालें. मुद्दाम लहान लहान खोपटीं बांधून त्यांत गिनीपिग ठेवले. पिसवा नसलेल्या खोपटांत रोगी आणि निरोगी गिनीपिग एकत्र नांदले, एकमेकांच्या घाणींत वावरले. निरोगी निरोगीच राहिले. पिसवा असलेल्या खोपटांत मात्र प्लेग झपाट्यानें पसरला. मग पिंजरे जमिनीपासून निरनिराळ्या उंचीवर टांगले. दोन इंचांवर टांगलेल्या पिंजऱ्यांतील जनावरास रोग झाला. दोन फुटांवर टांगलेल्यास झाला नाहीं. पिसू कांहीं इंचांपलीकडे उडी मारूं शकत नाहीं, याचा हा पुरावा. माकडांच्या पिंजऱ्याभोंवतीं सहा इंच रुंदीचा चिकट पट्टा पसरला, तेव्हां पिसवा पट्ट्यावर अडकून राहिल्या आणि माकडें वांचलीं. हवेनें रोग येत असता तर दोन फूट उंचीनें त्याला अडविलें असतें काय? चिकट कागदानें जमिनीचें विष थोपविलें असतें काय? वादाला येथें पूर्णविराम मिळाला.

तरीहि एक शंका उरली होती. पिसू रक्त पिते, रक्त देत नाहीं. मग तिच्या पोटांतले जंतु माणसाच्या रक्तांत जातात कसे? याचें उत्तर १९१४ सालीं बॅकॉट व मार्टिन या दोघां संशोधकांनीं लंडनमध्यें दिलें, आणि तें इतकें चमत्कारिक आहे कीं थोडें सावकाश सांगितलें पाहिजे. प्लेगनें मरणाऱ्या उंदराचें रक्त प्यालेल्या पिसूच्या पोटांत जंतु वाढूं लागतात आणि जठराच्या तोंडाशीं त्यांचा घट्ट बोळा बसतो. नळाला बोळा बसावा तसें होतें. आतां पिसू कितीहि रक्त ओढो, तें पोटांत उतरत नाहीं. ती उपाशी राहते. उपाशी असल्यामुळें ती पुन्हां पुन्हां चावते, मिळेल त्याला चावते. ओढलेलें रक्त त्या बोळ्यावर आपटून, त्यांतील जंतु घेऊन, उलटें चाव्याच्या जखमेंत येतें. अशा रीतीनें रोगी पिसू स्वतः भुकेनें मरतां मरतां शेवटचे दंश करीत सुटते. या उंदीरपिसूचें शास्त्रीय नांव ठेवतांना एका संशोधकानें ईजिप्तमधील पिरॅमिड बांधणाऱ्या राजाचें नांव तिला दिलें. कारण ती प्रथम नाईल नदीच्या प्रदेशांत मिळाली होती. एवढ्याशा प्राण्याला एवढ्या राजाचें नांव मिळालें. आणि माणसें मारण्याच्या कामांत कोणताहि राजा तिच्या पासंगास पुरला नसता.

ही वाट ठाऊक झाल्यावर १८९६-९७ च्या उपायांकडे पाहिलें कीं मन विषण्ण होतें. गटारें धुतलीं, घरांत फवारे मारले, तेव्हां उंदीर पळून शेजारच्या घरांत गेले. म्हणजे रोगाला हातानें धरून पुढच्या गल्लींत पोंचविल्यासारखेंच झालें. माणसांच्या कांखा तपासल्या गेल्या, पण धान्याच्या पोत्यांची तपासणी कोणी केली नाहीं. आणि पिसवा तर पोत्यांतून आणि कपड्यांच्या घड्यांतून प्रवास करीत होत्या. रोग्याची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांना सामान्यतः रोग होत नसे, ही गोष्ट इस्पितळांत सर्वांना दिसत होती. पण तिचा अर्थ कोणी लावला नाहीं. उलट घर सोडून माळावर जाण्याचा लोकांचा उपाय अचूक होता. माळावर धान्याच्या कणग्या नव्हत्या, कौलांखालचे उंदीर नव्हते. मुंबईच्या घरांत राहणारा काळा उंदीर हा मुळांतच आढ्यांत, माळ्यांत, माणसाच्या उशापायथ्याशीं बिऱ्हाड करणारा. गटारांतल्या घुशीपेक्षां माणसाच्या जवळचा सोबती तोच. घर पालथें घालण्यापेक्षां त्याच्यापासून दूर जाणें हेंच शहाणपणाचें होतें. या अज्ञानाच्या काळांत आणि त्यापुढल्या वीस-बावीस वर्षांत हिंदुस्थानांत प्लेगनें एक कोटीहून अधिक माणसें मेलीं. १९०७ या एकाच सालीं बारा लाखांहून अधिक गेलीं.

वाट सांपडण्यापूर्वींच एका माणसानें दुसऱ्या बाजूनें रोगाला गांठलें होतें. वॉल्डेमार हाफकिन हे ओडेसा येथें जन्मलेले आणि पाश्चर संस्थेंत तयार झालेले शास्त्रज्ञ. पटकीची लस घेऊन ते आधींच हिंदुस्थानांत आले होते. १८९६ च्या ऑक्टोबरांत ते मुंबईस आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजांत एवढ्याशा जागेंत त्यांनीं काम मांडलें. मांसाच्या रसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवीत. त्या थेंबांना धरून प्लेगचे जंतु खालीं लोंबत वाढत, गुहेच्या छतावरून चुनखडीचे झुंबर उतरावे तसे. मग उष्णतेनें ते मारून त्यांची लस करीत. १० जानेवारी १८९७ रोजीं हाफकिन यांनीं ती प्रथम स्वतःला टोंचून घेतली. ताप आला, वेदना झाल्या, पण ते बरे झाले. त्याच महिन्यांत भायखळ्याच्या तुरुंगांत साथ आली असतां तेथील स्वयंस्फूर्त कैद्यांना लस टोंचली. न टोंचलेल्यांपेक्षां त्यांच्यांत रोग पुष्कळच कमी झाला. ही लस रामबाण नव्हती. तिचा प्रभाव कांहीं महिनेच टिकत असे. तरी ज्या काळीं दुसरें कांहींच हातीं नव्हतें, त्या काळीं तिनें असंख्य लोक वांचविले.

या यशाला दृष्ट लागली ती पंजाबांतील मुलकोवाल या खेड्यांत. १९०२ च्या ऑक्टोबरांत तेथें लस टोंचलेल्यांपैकीं १९ जण धनुर्वातानें मेले. सर्वांना एकाच बाटलींतील लस दिलेली होती. दोष मुंबईच्या प्रयोगशाळेचा ठरवून हाफकिन यांना दूर करण्यात आलें. वस्तुतः बाटली उघडतांना वापरलेला चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करतां वापरला गेला होता, असें पुराव्यावरून दिसत होतें. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्यांनीं १९०७ सालीं लंडनच्या टाइम्स पत्रांत त्यांची बाजू मांडली, तेव्हां कोठें त्यांच्यावरचा डाग पुसला गेला. १९२५ सालीं परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन इन्स्टिट्यूट हें नांव मिळालें. धनुर्वाताचा जंतु मातींत असतो, आणि तो चिमट्याच्या टोंकावरून एकोणीस घरांत शिरला. संसर्गाची वाट किती अरुंद असूं शकते याचा हाहि एक पुरावाच.

प्लेगची आणखी एक वाट आहे, आणि ती मात्र श्वासाची आहे. गांठीच्या रोग्याचे जंतु कधीं कधीं फुप्फुसांत उतरतात. मग त्याच्या खोकल्याबरोबर उडणाऱ्या तुषारांतून रोग थेट दुसऱ्या माणसाकडे जातो. येथें उंदीर नको, पिसू नको. मांचुरियांत १९१०-११ च्या हिंवाळ्यांत याच फुप्फुसी प्लेगनें सुमारें साठ हजार माणसें नेलीं. तेथें वू लिएन-तेह या चिनी डॉक्टरांनीं तोंडानाकावर जाळीदार कापडाच्या घड्यांचा मुखवटा बांधण्याचा आग्रह धरला. त्यांचें म्हणणें हंसण्यावारी नेणारे एक फ्रेंच डॉक्टर मुखवट्यावांचून रोग्यांत वावरले आणि प्लेगनेंच वारले. एकाच रोगाच्या दोन वाटा असल्यामुळें बंदोबस्तहि दोन प्रकारचा लागतो. गांठीच्या प्लेगला घर सोडून जाणें हितकर, आणि फुप्फुसी प्लेगला पळणें सर्वांत घातक.

१९९४ सालीं हा फरक न कळल्याचें फळ दिसलें. त्या वर्षीं बीड जिल्ह्यांतील मामला गांवांत गांठीच्या प्लेगचे रोगी आढळले. आदल्या वर्षाच्या सप्टेंबरांत किल्लारीचा भूकंप झाला होता; पडलेल्या व सोडलेल्या घरांतलें धान्य उंदरांना आयतें मिळालें आणि त्यांची वाढ झाली, असें कारण त्या वेळीं दिलें गेलें. थोड्याच दिवसांत सुरतेंत फुप्फुसी प्लेगची वार्ता उठली. लाखों माणसें आगगाड्यांतून निघून गेलीं. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून नाहींशा झाल्या; ज्यांना गरज नव्हती त्यांनीं खाल्ल्या. मृत्यु पन्नासच्या आसपास झाले. पूर्वींच्या मानानें ते थोडे, कारण आतां औषध होतें. स्ट्रेप्टोमायसिन आल्यापासून प्लेगचें स्वरूप पालटलें आहे. आज जेंटामायसिन, डॉक्सिसायक्लिन इत्यादि औषधें वेळेवर मिळालीं तर रोगी बहुधा बरा होतो. उपचार न झाल्यास गांठीच्या प्लेगनें शेंकडा तीस ते साठ रोगी दगावतात, आणि फुप्फुसी प्लेगांत बहुतेक सर्व. वेळेवर या शब्दाला म्हणून येथें फार किंमत आहे. फुप्फुसी प्रकारांत पहिल्या चोवीस तासांतच काय तें ठरतें.

घरांत काय करावें हा प्रश्न उरतो. उंदीर मारण्याआधीं पिसवा मारावयाच्या, हा क्रम फार थोड्यांना ठाऊक असतो. साथीच्या भागांत बिळांच्या तोंडाशीं व उंदरांच्या जाण्यायेण्याच्या वाटांवर प्रथम कीटकनाशक भुकटी टाकतात आणि मगच विषाच्या गोळ्या किंवा पिंजरे लावतात. उलट केलें तर लिस्टन यांच्या चाळींत झालें तेंच व्हावयाचें. धान्य पत्र्याच्या झांकणाच्या डब्यांत ठेवावें. तट्ट्याची कणगी ठेवणें झाल्यास ती भिंतीपासून दूर व उंचावर असावी. माळ्यावरची अडगळ वर्षांतून दोनदां तरी खालीं उतरवून झटकावी, कारण पिसूचीं पिलें धुळींत आणि धान्याच्या चुऱ्यांत वाढतात. रात्रींचें खरकटें उघडें राहूं देऊं नये. एखाद-दुसरा उंदीर विष घातल्यावांचून घरांत मेलेला सांपडला तर त्याला हातानें उचलूं नये आणि केरसुणीनें ओढीत नेऊंहि नये. त्यावर उकळतें पाणी किंवा रॉकेल ओतावें, मग लांब चिमट्यानें उचलून जाळावा अगर खोल पुरावा. एकामागून एक असे उंदीर पडूं लागले तर मात्र म्युनिसिपालिटीला किंवा आरोग्यखात्याला त्याच दिवशीं कळवावें. पिंजऱ्यांत सांपडलेला उंदीर शेजारच्या गल्लींत सोडून देण्याची भूतदया पुष्कळ घरांतून चालते. त्यापेक्षां पिंजरा तसाच साबणाच्या पाण्याच्या बादलींत पुरता बुडवावा, म्हणजे उंदरावरच्या पिसवाहि पाण्यांतच राहतात.